पाहिलें तर बिघडलें काय?

“एकदां आंतून पाहून घेऊं, पाहिलें तर बिघडलें काय?” हा प्रश्न अलीकडे शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत इतक्या वेळां ऐकूं येतो कीं, तो प्रश्न आहे हेंच लोक विसरले असून त्याला उत्तर समजूं लागले आहेत. लग्नाला तीन-चार वर्षें होऊन मूल न झालेली लेक किंवा सून डॉक्टरांकडे जाते. रक्त तपासलें जातें, सोनोग्राफी होते, आणि सोनोग्राफींत कांहीं दोष निघाला नाहीं तरी हिस्टेरॉस्कोपीची, म्हणजे घरगुती भाषेंत ‘पिशवींत दुर्बीण घालून पाहण्याची’, तारीख ठरून जाते. टेस्ट-ट्यूब बेबीसाठीं ठराविक रकमेच्या ज्या एकत्रित योजना पुष्कळ ठिकाणीं मांडलेल्या असतात, त्यांत ही तपासणी वरणभातावरच्या तुपासारखी, पानावर बसणाऱ्याला न विचारतां, आधींच वाढून ठेवलेली असते.

आम्ही वैद्य नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. तेव्हां या विषयांत तोंड घालण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या शास्त्राचे निकाल छापून प्रसिद्ध होतात ते वाचण्याचा अधिकार प्रत्येक साक्षर माणसाला आहे. आणि जी तपासणी स्वतःच्या शरीरावर व्हावयाची तिचें कारण विचारण्याचा अधिकार निरक्षर बाईलाही आहे.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाहीं. ही तपासणी वाईट आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. ती उत्तम आहे. पण ती एखाद्या शंकेचें उत्तर आहे, आणि जेथें शंकाच नाहीं तेथें उत्तम उत्तरही निरर्थक होतें. आमच्याकडे आज उलटा प्रकार चालला आहे. जिच्या गर्भाशयाविषयीं कांहींच शंका नाहीं अशा पैसेवाल्या घरच्या बाईला पुन्हां पुन्हां दुर्बीण लावतात, आणि जिच्याविषयीं खरोखर शंका आहे अशा गरीब बाईचें गर्भाशय न पाहतांच काढून टाकतात.

मुळांत हें साधन निघालें तें शंका फेडण्यासाठींच. १८६९ सालीं पँटॅलिओनी नांवाच्या डॉक्टरानें एका साठ वर्षांच्या बाईचें गर्भाशय नळींतून पाहिलें. पाळी गेल्यावरही तिला रक्तस्राव होत असे. आंत मांसाचा कोंब दिसला आणि तो त्यानें सिल्व्हर नायट्रेटनें डागला. लक्षण होतें, त्यावरून शंका आली, पाहिल्यानें शंकेचें उत्तर मिळालें आणि उत्तराप्रमाणें उपाय झाला. दीडशें वर्षांत नळी पेन्सिलीहून बारीक झाली, दिवा आणि पडदा आला, आंत मिठाचें पाणी सोडून एरवीं मिटलेली पोकळी उघडतां येऊं लागली; पण त्या पहिल्या प्रयोगांतील विचाराचा क्रम मात्र बदलण्याचें कांहींच कारण नाहीं.

ज्या ठिकाणीं ही दुर्बीण लावलीच पाहिजे त्यांपैकीं पहिलें ठिकाण तेंच आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर जिला पुन्हां रक्त दिसतें तिनें एक आठवडाही घरीं बसूं नये. अशा शंभर स्त्रियांत सुमारें नवांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि तो लवकर सांपडला तर बहुधा पूर्ण बरा होतो. सोनोग्राफींत अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ निघालें तर भीति फार थोडी; तें जाड असलें, किंवा पातळ असूनही रक्त पुन्हां पुन्हां जाऊं लागलें, तर अस्तराचा तुकडा तपासलाच पाहिजे. साध्या नळीनें घेतलेला तुकडा पुरेसा नसेल किंवा वाढ एकाच जागीं दिसत असेल, तर दुर्बिणीनें पाहून घेणें हाच मार्ग. आमच्या घरांतील वृद्ध स्त्रिया मात्र ‘या वयांत हें काय सांगावयाचें’ म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसतात. ज्या घरांत सुनेच्या पोटांत तीनदां दुर्बीण जाते त्याच घरांत सासूबाईंच्या रक्तस्रावाची वाच्यता होत नाहीं, असेंही आम्हीं पाहिलें आहे.

दुसरें ठिकाण म्हणजे पाळीच्या वयांतील अतिरिक्त रक्तस्राव, विशेषतः पोकळींत डोकावणारी गाठ किंवा पॉलिप असावा असा संशय असेल तेव्हां. इंग्लंडांतील ‘नाइस’ या संस्थेनें २०१८ च्या मार्गदर्शनांत अशा वेळीं हीच तपासणी सुचविली आहे आणि निदानासाठीं केवळ क्युरेटिंग करूं नये असें स्पष्ट बजावलें आहे. हा मुद्दा आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण ‘पिशवी साफ करून घेणें’ ही गोष्ट आमच्या बायकांना दिवाळीपूर्वीं घर झाडण्याइतकी ओळखीची आहे. क्युरेटिंग म्हणजे अंधारांत पळीनें हंडा खरवडणें. १९७५ सालीं दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं पन्नास स्त्रियांचें गर्भाशय काढण्यापूर्वीं क्युरेटिंग केलें आणि मग काढलेलें गर्भाशय उघडून पाहिलें. शेंकडा साठ स्त्रियांत अर्धी पोकळीसुद्धां खरवडली गेली नव्हती. जो कोंब पळीला चुकवून बाजूला सरतो तो दुर्बिणीला चुकवीत नाहीं. शिवाय पहिल्या खरवडण्यानें, आणि तेंही गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर केलेल्या, भिंती कधीं एकमेकींस चिकटतात; इस्रायलांतील अ‍ॅशरमन यांनीं १९४८ सालीं ज्यावर निबंध लिहिला तो विकार हाच. तो ओळखणें आणि ते चिकटलेले पडदे सोडविणें हें काम दुर्बिणीशिवाय होत नाहीं. बाळंतपणानंतर आंत राहिलेला वारेचा तुकडा किंवा दोरा हरवलेली तांबी काढणें, हीही तिचींच कामें.

आतां ज्या ठिकाणीं ती नको तेथें येऊं. मूल होत नाहीं, पण पाळी ठीक आहे, सोनोग्राफी निर्दोष आहे, आणि टेस्ट-ट्यूबचा पहिला प्रयत्न व्हावयाचा आहे. अशा स्त्रीला आधीं दुर्बीण लावल्यानें मूल होण्याची शक्यता वाढते काय? हा प्रश्न मतामतांचा नव्हे, मोजण्याचा आहे, आणि तो मोजला गेला आहे. नेदरलंड्समध्यें अशा ७५० स्त्रियांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची तपासणी केली, दुसऱ्याची नाहीं. अठरा महिन्यांत पहिल्या गटांत शेंकडा ५७ आणि दुसऱ्यांत शेंकडा ५४ स्त्रियांना जिवंत मूल झालें. हा फरक योगायोगाच्या मर्यादेंतला ठरला. ‘ज्यांचे प्रयत्न फसले आहेत त्यांचें काय?’ हेंही विचारून झालें आहे. दोन ते चार वेळां अपयश आलेल्या ७०२ स्त्रियांवर युरोपांतील कांहीं देशांत असाच प्रयोग झाला, आणि तेथें दोन्ही गटांत शेंकडा २९, म्हणजे अगदीं सारखाच आंकडा आला. हे दोन्ही निबंध २०१६ सालीं ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाले. वंध्यत्वचिकित्सकांच्या युरोपीय संस्थेनेंही २०२३ मध्यें ही तपासणी सरसकट करूं नये असेंच सांगितलें.

एकदां दुर्बीण आंत गेली कीं तिच्या मागून इतर गोष्टी येतात. ‘आंत गेलोंच आहोंत तर अस्तराला थोडा ओरखडा काढूं, म्हणजे गर्भ चांगला रुजेल’ असें एक मत कांहीं वर्षें फार जोरांत होतें. २०१९ सालीं १३६४ स्त्रियांवर तें पारखलें गेलें. ओरखडा काढलेल्यांत शेंकडा २६.१ जणींना मूल झालें आणि न काढलेल्यांतही शेंकडा २६.१. ‘जन्मजात पडदा दिसला, कापून टाकूं’ हा तर कित्येक दशकांचा प्रघात. २०२१ सालीं त्याची चिठ्ठ्या टाकून परीक्षा झाली तेव्हां पडदा कापलेल्यांत शेंकडा ३१ आणि न कापलेल्यांत शेंकडा ३५ जणींना मूल झालें, आणि कापलेल्यांपैकीं एकीच्या गर्भाशयाला छिद्र पडलें. या प्रयोगांत अवघ्या ८० स्त्रिया होत्या, म्हणून त्यावरून शेवटचा शब्द काढतां येत नाहीं हें कबूल. पण ज्या प्रघाताला अशी परीक्षा कधींच लागली नव्हती त्याचा शेवटचा शब्द तरी आम्हीं कां ऐकावा?

न्यायासाठीं उलट बाजूचें उदाहरणही सांगितलें पाहिजे. सोनोग्राफींत पॉलिप दिसला आणि गर्भाशयांत वीर्य सोडण्याचा उपचार करावयाचा होता, अशा सुमारें दोनशें स्त्रियांवर माद्रिद येथील डॉक्टरांनीं प्रयोग करून २००५ सालीं प्रसिद्ध केला. पॉलिप काढलेल्यांत शेंकडा ६३, न काढलेल्यांत शेंकडा २८ जणींना दिवस राहिले. साधन तेंच, हातही तसेच कुशल. फरक पडला तो आधीं कांहीं दिसलें होतें म्हणून.

आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनीं यावर आक्षेप घेतले आणि ते टाकाऊ नव्हते. ते म्हणाले, “हे प्रयोग डच बायकांवर झाले. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय आहे, तो सोनोग्राफींत दिसत नाहीं. शिवाय गल्लोगल्लींची सोनोग्राफी डच सोनोग्राफीइतकी विश्वसनीय कोठें आहे?” क्षयाची गोष्ट खरी आहे, भारतांत वंध्यत्वाचें तें एक महत्त्वाचें कारण आहे. पण तसें असेल तर तीच शंका म्हणून कागदावर लिहावी: या बाईस पूर्वीं क्षय झाला होता, घरांत कोणास आहे, पाळी अगदीं थोडी जाते, नलिका बंद आहेत, म्हणून पाहून अस्तर तपासावयाचें. ही झाली शंका, आणि तिला दुर्बीण योग्य. ‘भारतांत क्षय आहे, सबब सर्वांना दुर्बीण’ हा मात्र न्याय नव्हे. त्यांतच एक धोकाही आहे, कारण क्षय पेटलेल्या अवस्थेंत असतां आंत नळी आणि पाणी घातल्यानें तो भडकूं शकतो. आणि सोनोग्राफी वाईट असेल तर ती चांगल्या ठिकाणीं पुन्हां करावी, किंवा पोकळींत थोडें मिठाचें पाणी सोडून करावी. त्यांत कोंब आणि गाठी फार चांगल्या उठून दिसतात. वाईट चष्म्यावर उपाय चांगला चष्मा, डोळ्याची शस्त्रक्रिया नव्हे.

एक घर आम्हांस माहीत आहे. तेथील सुनेची अठरा महिन्यांत तीन वेळां हिस्टेरॉस्कोपी झाली आणि तिन्ही अहवालांत पोकळी निर्दोष असल्याचें लिहिलेलें होतें. पुढें डॉक्टर बदलले; नव्यांनीं जुने अहवाल न उघडतांच ‘आमच्या पद्धतीनें एकदां पाहूं’ म्हणून सांगितलें. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी, जी स्वस्त, बिनधोक्याची आणि बिनदुखाची, ती तोंवर झालीच नव्हती! येथें सारा दोष डॉक्टरांच्या माथीं मारून आम्ही मोकळे होणार नाहीं. त्या घरांतील सुशिक्षित मंडळींना, आणि त्यांत आमच्यासारखे प्राध्यापकही होते, सुनेच्या शरीरांत तीनदां डोकावणें साधें वाटलें आणि मुलाला एक बाटली देऊन खोलींत पाठविणें मात्र अपमानाचें.

‘पाहिलें तर बिघडलें काय’ याचा हिशेब द्यावयाचा तर तोही देतां येतो. नेदरलंड्समधील १३,६०० हिस्टेरॉस्कोपींच्या नोंदींत केवळ पाहण्याच्या तपासणींत हजारांत एक-दोनदां आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं शंभरांत जवळजवळ एकदां अपाय झाला. त्यांत गर्भाशयाला छिद्र पडणें हा मुख्य. लांबलेल्या शस्त्रक्रियेंत आंत सोडलेलें पाणी रक्तांत शिरतें आणि किती गेलें, किती परत आलें याचा हिशेब चुकला तर जिवावर बेततें. दिवस गेले असतील तेव्हां, ओटीपोटांत संसर्ग असेल तेव्हां, किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ठाऊक असेल तेव्हां दुर्बीण घालूंच नये; भर रक्तस्रावांत घातली तर बहुधा कांहीं नीट दिसत नाहीं. म्हणून पाळी संपल्यावरचे लगेचचे दिवस उत्तम. हे धोके थोडे आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. जिला कर्करोगाची शंका आहे तिनें ते आनंदानें पत्करावे. पण लाभ शून्य असेल तेथें थोडा धोकाही उधळपट्टीच होय.

आणि वेदनेचें काय? भूल न देतां केलेल्या तपासणीबद्दल इंग्लंडांत पांच हजारांहून अधिक स्त्रियांना विचारलें, तेव्हां दहांपैकीं सरासरी पांचाच्या किंचित् वर वेदनेचे गुण त्यांनीं दिले. मुळींच न दुखलेल्या शंभरांत आठहून कमी, आणि फार तीव्र दुखलेल्या जवळजवळ सहांत एक. तेथील स्त्रियांनीं वर्षानुवर्षें तक्रारी केल्या, तेव्हां २०२३ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेजनें स्पष्ट लिहिलें कीं, दुखेल हें आधीं सांगावें, भूल घेण्याचा पर्याय द्यावा, आणि बाईनें थांबा म्हटलें कीं थांबावें. आमच्याकडे ‘मुंगी चावल्यासारखें होईल’ हें वाक्य अजून चालूं आहे. तें बोलणाऱ्याला मुंगी कोठें चावली होती हें विचारावेंसें वाटतें.

हें झालें शहराचें. आतां आमच्याच महाराष्ट्रांतील बीड जिल्ह्याकडे पाहावें. दरवर्षीं ऊसतोडीला जाणाऱ्या तेथील स्त्रियांची सरकारनें २०१९ सालीं पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें निघालें, म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सबंध देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हाच आंकडा शेंकडा तीनांच्या थोडा वर आहे. दोन्ही पाहण्या एकाच मापाच्या नाहींत, तथापि एवढा फरक मापाचा असूं शकत नाहीं. त्यांतील कित्येक चाळिशीच्या आंतल्या. कारणें काय सांगितलीं? अंगावरून पांढरें जातें, पोट दुखतें, पाळी फार जाते, ‘पिशवीला सूज आहे’, ‘काढली नाहीं तर कॅन्सर होईल’. पहाटेपासून मोळ्या वाहणारी, फडांत ना आडोसा ना पाणी अशी बाई, एक दिवस चुकला कीं मुकादम खाडा लावणार. तिला वाटतें, गेली ती कटकट एकदांची.

येथें कोणी विचारील, या बायांना दुर्बीण हवी होती काय? आमचें उत्तर असें कीं, बहुतेकींना तीसुद्धां नको होती. पांढरें जाण्याला औषध आहे. तोंडाच्या कर्करोगाची भीति असेल तर तोंडाची साधी तपासणी आहे. दुर्बीण त्यासाठीं नाहींच. पाळी फार जात असेल तर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तु आहे. जिला गाठ किंवा कोंब असल्याचा संशय होता तिला मात्र दुर्बीण हवी होती, आणि तेथें कदाचित् अर्ध्या तासाच्या कामानें गर्भाशय वांचलें असतें. चाळिशीच्या आंत तें गेल्यावर पुष्कळींचे बीजकोशही जातात किंवा लवकर थकतात. मग हाडें दुखतात, अंगाची आग होते, आणि ज्या कामासाठीं पिशवी दिली तें कामच झेपेनासें होतें. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्र सरकारनें केलेले नियम तीन महिन्यांत अमलांत आणा असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें सर्व राज्यांना सांगितलें. तें प्रकरण बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथील होतें. म्हणजे बीड एकटें नाहीं.

शहरांतील न लागणारी दुर्बीण आणि खेड्यांतील न लावलेली दुर्बीण यांचा संबंध काय, असें वाटेल. दोन्हीकडे ‘कशासाठीं?’ हा शब्द गळून पडला आहे. शहरांत बाईच्या नवऱ्याजवळ पैसे आहेत म्हणून पाहतात. खेड्यांत पाहावयाला पैसे आणि वेळ नाहीं म्हणून कापतात. दोन्हीकडे तिच्या पोटांत काय होतें आहे याविषयींचें कुतूहल सर्वांत कमी असतें.

आम्ही फार थोडें मागतों. ही तपासणी करण्यापूर्वीं बाईच्या हातांत जो कागद देतात, त्यावर चार ओळी असाव्यात: कोणती शंका आहे, ती कशावरून आली, पाहिल्यावर काय निघालें तर काय करणार आणि कांहीं न निघालें तर उपचारांत काय बदलणार, आणि भूल देणार कीं नाहीं. शेवटून दुसऱ्या ओळीचें उत्तर ‘कांहीं बदलणार नाहीं’ असें असेल तर बाईनें पदर सांवरून घरीं जावें. आजवर आम्हीं जीं संमतिपत्रें पाहिलीं तीं बहुतेक इंग्रजींत होतीं, आणि तें इंग्रजी तीस वर्षें तीच भाषा शिकवूनही आम्हांला दोनदां वाचावें लागलें. ज्या दवाखान्याला हवें असेल त्याला या चार ओळींचा स्वच्छ मराठी मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊं.